डाउझ की डाउस? पाणी पाहणारे आणि पाणी ओतणारे क्रियापद

इंग्रजी शब्दांवरच्या या सदरात यावेळी एकाच जोडीबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. डी-ओ-डब्ल्यू-एस-ई म्हणजे काठी, सळया किंवा लंबक घेऊन जमिनीखालचे पाणी पाहणे. डी-ओ-यू-एस-ई म्हणजे एखाद्या वस्तूवर भरपूर द्रव ओतून ती भिजवणे, किंवा आग, दिवा विझवणे. खाली पहिल्याला ‘डब्ल्यूचा डाउझ’ आणि दुसऱ्याला ‘यूचा डाउस’ म्हटले आहे.

एका इंग्रजी पुस्तिकेची मुद्रिते तपासतो आहे. हा शब्द काही ठिकाणी डब्ल्यूने आहे, काही ठिकाणी यूने. कोशात पाहिले तर दोन्ही स्पेलिंगे सापडतात. मग बदलायची गरज आहे का?

आहे. कोशातली नोंद पुन्हा एकदा नीट पाहा. भिजवण्याच्या अर्थाखाली डब्ल्यूचे रूप ‘पर्यायी स्पेलिंग’ म्हणून दिलेले असते, मुख्य शब्द म्हणून नव्हे. कोश जे जे छापले गेले त्याची नोंद ठेवतो. म्हणून ते सगळे सारखेच वापरावे असे होत नाही. काळजीपूर्वक संपादन केलेल्या इंग्रजीत आज वाटणी स्पष्ट आहे: पाणी शोधणे डब्ल्यूकडे, ओतणे, भिजवणे, विझवणे, मालवणे आणि शीड उतरवणे यूकडे. ही वाटणी मोडली तर काय होते ते पाहा. ‘ही डाउझ्ड द फील्ड’ हे डब्ल्यूने लिहिले तर माणूस काठी घेऊन शेतभर फिरला. तेच यूने लिहिले तर त्याने शेतावर काहीतरी ओतले, आणि बातमी गुन्ह्याची असेल तर ते बहुधा पेट्रोल असते.

संगणकाचा शुद्धलेखन-तपासक इथे मदत करणार नाही. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे तांबडी रेघ येतच नाही. शोधण्याचे काम स्वतःच करायचे, पण एक काळजी घेऊन. ‘डी-ओ-यू-एस’ ही चार अक्षरे शोधून सरसकट बदलू नका. ‘ट्रिमेंडस’, ‘हॅझर्डस’, ‘स्टुपेंडस’ या सगळ्यांच्या शेवटी हीच चार अक्षरे आहेत, आणि आगीच्या पुस्तिकेत ‘हॅझर्डस’ दर पानाला असतो. उलट बाजूने ‘डी-ओ-डब्ल्यू-एस’ शोधलेत तर ‘विंडोज’, ‘शॅडोज’, ‘मेडोज’ सापडतील. ‘पूर्ण शब्द’ हा पर्याय निवडा आणि दोन्हींची चार-चार रूपे वेगवेगळी शोधा: मूळ रूप, एस लागलेले, डी लागलेले आणि शेवटचा ई गाळून आयएनजी लागलेले. करणाऱ्याचे नाम, म्हणजे आर लागलेले रूपही विसरू नका.

प्रत्येक ठिकाणी थांबून पुढचे शब्द वाचायचे. पुढे ‘फॉर’ आणि मग ‘वॉटर’, ‘ओअर’, ‘मिनरल्स’ असे काही असेल तर डब्ल्यू. पुढे ‘रॉड’ किंवा ‘ट्विग’ असेल तरी डब्ल्यू. कर्म ‘फायर’, ‘फ्लेम्स’, ‘लाइट’, ‘सेल’ असेल तर यू. ‘विथ’ पाहून मात्र लगेच निर्णय घेऊ नका. ‘विथ’नंतर द्रव आला तर यू, साधन आले तर डब्ल्यू: ‘विथ वॉटर’ आणि ‘विथ अ हेझल ट्विग’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘इन’चेही तसेच. ‘इन केरोसीन’ म्हणजे यू. ‘इन द नॉर्थ कॉर्नर’ ही नुसती जागा झाली, तिच्यावरून काहीच ठरत नाही.

दोन्हींचा उच्चार सारखाच का?

नेमका सारखा नाही. डब्ल्यूच्या शब्दाच्या शेवटी ‘झ’ येतो: ‘ब्राउझ’, ‘ड्राउझ’, ‘डाउझ’. तिन्हींत डब्ल्यू आहे आणि तिन्हींत ‘झ’ आहे, म्हणून ही तिकडी एकत्र पाठ करावी. यूच्या शब्दाच्या शेवटी बहुतेक जण ‘स’ म्हणतात, ‘हाउस’, ‘माउस’सारखा. त्यामुळे भूतकाळी रूपांतही फरक पडतो: एक ‘डाउझ्ड’, दुसरे ‘डाउस्ट’. दुसऱ्याच्या शेवटी डी लिहिलेला असला तरी ‘स’नंतर तो ‘ट’ ऐकू येतो. आयएनजी लागले की ‘डाउझिंग’ आणि ‘डाउसिंग’.

अडचण अशी, की यूचा शब्दही ‘झ’ने उच्चारणारे बरेच आहेत आणि कोशांनी तो उच्चारही नोंदवला आहे. बोलताना आपण दोन वेगळे उच्चार ठेवावेत, पण ऐकून लिहिताना उच्चारावर भिस्त ठेवू नये. ध्वनिफितीवरून संहिता उतरवणाऱ्यांकडून इथेच सर्वाधिक चुका होतात. कानाला ‘झ’ आला म्हणून डब्ल्यू लिहिला जातो, आणि वाक्य मात्र अग्निशमनाचे असते.

मुलांना ‘डब्ल्यू फॉर वॉटर’ असे शिकवले तर चालेल का?

नको. पाणी दोन्हींत आहे, त्यामुळे परीक्षेत मूल ‘आगीवर पाणी ओतले’ या वाक्यातही डब्ल्यू घालेल. ‘डब्ल्यू फॉर वेल’ शिकवा, वेल म्हणजे विहीर. विहिरीची जागा शोधायची तर डब्ल्यू.

अनुवाद करताना एका बातमीत ‘डाउस्ट’चा अर्थ आग विझवली असा घेतला, दुसऱ्या बातमीत तोच शब्द आग लावण्याच्या आधी आला. एकच क्रियापद दोन उलट्या अर्थांनी कसे?

यूच्या डाउसचा गाभा एवढाच: भरपूर द्रव, एकदम, एखाद्या गोष्टीवर. पुढे काय घडते ते द्रव कोणता आणि कर्म कोणते यावर ठरते. कर्म आधीच जळत असेल (‘फायर’, ‘ब्लेझ’, ‘फ्लेम्स’, ‘एम्बर्स’) तर ‘विझवली’. कर्म जळत नसेल आणि पुढे ‘विथ पेट्रोल’ किंवा ‘इन केरोसीन’ असेल तर ‘ओतले’, ‘भिजवले’. ‘ही डाउस्ट द रॅग इन केरोसीन’ याचे मराठी ‘त्याने बोळा रॉकेलमध्ये बुचकळला’. आग लागल्याचे पुढच्या वाक्यात येईल. या क्रियापदात ते नाही. म्हणून ‘पेट्रोल टाकून पेटवून दिले’ असे एका दमात लिहू नये. मूळ बातमीत पेटवल्याचा उल्लेखच नसेल तर आपण एक गुन्हा वाढवून बसतो.

तिसरी शक्यता सहसा लक्षात येत नाही. ‘फायरफायटर्स डाउस्ट द अडजेसंट टँक्स’ यात टाक्या जळतही नाहीत आणि कोणी त्या पेटवणारही नाही. शेजारच्या आगीच्या धगीने त्या तापू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याचा मारा चालू आहे. इथे ‘टाक्या विझवल्या’ हास्यास्पद, ‘टाक्या भिजवल्या’ अपुरे. ‘शेजारच्या टाक्यांवर पाण्याचा मारा करून त्या थंड ठेवल्या’ असे लिहिले की वाचकाला चित्र कळते.

‘अंडर कंट्रोल’ आणि ‘डाउस्ट’ यांचीही सरमिसळ होते. आग ‘आटोक्यात आली’ म्हणजे तिचे पसरणे थांबले. आत ती जळतच असते. ‘डाउस्ट’ म्हणजे ज्वाळा विझल्या. त्यानंतरही ढिगारा उपसून धुमसणारे भाग शोधून भिजवण्याचे काम राहते, त्याला ‘कूलिंग’ किंवा ‘मॉपिंग अप’ म्हणतात. एकाच बातमीत तिन्ही शब्द आले तर मराठीतही तीन वेगळे शब्द हवेत. ‘आग विझवण्यात आली’ तीनदा लिहून भागत नाही.

आणखी एक. आगीच्या बाबतीत डाउसला द्रव लागतो. कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा ओले कांबळे वापरून आग विझवली असेल तर इंग्रजीतही ‘पुट आउट’, ‘एक्स्टिंग्विश’ किंवा ‘स्मदर’ लिहावे. ‘डाउस्ट विथ सँड’ छापलेले दिसते, पण वाळूने काही भिजत नाही.

सुरक्षा-सूचनेत ‘डू नॉट डाउस विथ वॉटर’ असे वाक्य आहे. ‘पाण्याने विझवू नका’ हे बरोबर आहे ना?

व्याकरणाने बरोबर, सूचना म्हणून कमकुवत. ‘पाण्याने विझवू नका’ वाचणाऱ्याला वाटते की पाण्याने विझेल, पण दुसरा मार्ग बरा. पेटलेल्या तेलाबाबत हा समज घातक आहे. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते आणि पेटलेले तेल त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते, तिथे त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे 1,700 पट असते. ती वाफ जळते तेल उसळवून चारी बाजूंना फेकते. म्हणून क्रिया थेट नावाने सांगा: ‘पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नका.’ त्यापुढची वाक्येही तशीच तोडून लिहा: उष्णता बंद करा, भांड्यावर झाकण सरकवा, भांडे पूर्ण निवेपर्यंत झाकण उघडू नका, भांडे उचलू नका. इंग्रजीत ‘झाकण सरकवा’च्या जागी ‘स्मदर’ आला तर मराठीत ‘गुदमरवा’ असे काही लिहू नये.

मोकळ्यावरच्या शेकोटीसाठी याच्या उलट सूचना असते: ‘डाउस, स्टर, फील.’ इथे ‘विझवा, ढवळा, तपासा’ असे केले तर पहिल्याच शब्दावर काम संपल्यासारखे वाटते आणि पुढचे दोन कोणी वाचत नाही. ‘पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता, मग हाताची पाठ राखेजवळ नेऊन ऊब उरली आहे का पाहा’ असे लिहा. राखेच्या थराखाली निखारे तासन् तास धगधगत राहतात. वरून ओतलेले पाणी ढवळल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचत नाही. या सूचनेतला डाउस ही नुसती ओतण्याची कृती आहे. आग विझणे हा तिचा परिणाम, आणि तो दर वेळी मिळेलच असे नाही.

‘डाउस’, ‘ड्रेंच’, ‘सोक’ हे सगळे ‘भिजवणे’च का?

मराठीत ‘भिजवणे’ एवढे मोकळे आहे की तिन्ही त्यात बसतात, इंग्रजीत मात्र बसत नाहीत. ‘सोक’ला वेळ लागतो: डाळ, कपडे, डाग. ‘डाउस’ क्षणाचे काम आहे आणि त्यामागे बहुधा करणारा असतो. ‘ड्रेंच’मध्ये शेवटच्या अवस्थेवर भर आहे, म्हणजे अंगावर कोरडे काही उरले नाही. म्हणून पावसात माणूस ‘ड्रेंच्ड’ होतो, ‘डाउस्ट’ म्हटले तर वरून कोणी बादली उपडी केल्यासारखे वाटते. ‘डंक’ म्हणजे बुडवून बाहेर काढणे, आणि ‘क्वेंच’ म्हणजे तहान भागवणे किंवा तापलेले पोलाद द्रवात बुडवून झपाट्याने थंड करणे. सॉस, अत्तर यांच्याबाबत ‘डाउस्ट इन’ आले की त्यात अतिरेकाचा टोमणा असतो. ‘अत्तर लावले’ पुरत नाही; ‘अत्तराने अंघोळ केली होती’ म्हणावे लागते.

‘ड्रेंच’चे दोन तांत्रिक अर्थ मात्र अनुवादकाला खड्ड्यात घालतात. पशुवैद्यकात ‘ड्रेंच द शीप’ म्हणजे मेंढ्यांना भिजवणे नव्हे. त्यांना तोंडावाटे पातळ औषध पाजणे, बहुधा जंताचे. त्यासाठी लांब नळीचे पिचकारीसारखे उपकरण असते. सूचनेत पुढे डोके फार वर उचलू नका, जबडा जमिनीला समांतर ठेवा, असे असते. नाहीतर औषध श्वासनलिकेत जाते. ज्याने ‘मेंढ्यांना चिंब भिजवा’ असे लिहिले आहे त्याला पुढे डोके आणि जबडा कुठून आला हे कळत नाही आणि तो ते वाक्य गाळून टाकतो, जे सगळ्यात महत्त्वाचे होते. मेंढ्या औषधी पाण्यातून काढण्याला ‘डिप’ हा वेगळा शब्द आहे.

दुसरा अर्थ बागायतीतला. ‘सॉइल ड्रेंच’ म्हणजे औषधाचे द्रावण झाडाच्या बुंध्याशी, मुळांच्या कक्षेत ओतणे. याला मराठीत ‘आळवणी’ असा नेमका शब्द आहे, तोच वापरा. पानांवर मारतात ती फवारणी. दोन्हींत द्रावणाची तीव्रता आणि झाडामागचे प्रमाण वेगळे असते, म्हणून हा नुसता शैलीचा प्रश्न राहत नाही. ‘डाउस’ यातल्या कशालाच चालत नाही. त्यात मोजून-मापून देण्याचा भाव नाही.

‘डाउझ’ला कर्म लागते का? ‘ही डाउझ्ड वॉटर’ बरोबर आहे का?

‘डाउझ्ड फॉर वॉटर’ लिहावे. ज्याचा शोध घ्यायचा त्याच्या आधी ‘फॉर’ येतो. थेट कर्म येते ते जागेचे: ‘डाउझ द फील्ड’, ‘डाउझ द साइट’, नकाशावर लंबक फिरवणाऱ्यांच्या भाषेत ‘डाउझ अ मॅप’. ‘डाउझ्ड अ वेल’ असेही दिसते, म्हणजे या रीतीने विहिरीची जागा ठरवली. ‘डाउझ्ड वॉटर’ मात्र वाचणारा हमखास यूचे चुकलेले स्पेलिंग समजतो.

या क्रियापदात यश गृहीत नाही. ‘ही डाउझ्ड फॉर टू अवर्स’ म्हणजे दोन तास पाहिले. सापडले की नाही हे पुढचे वाक्य सांगेल. मराठीत ‘पाणी पाहणे’ हा रूढ प्रयोग अगदी असाच आहे. ‘पाणी शोधून काढले’ लिहिलेत तर जे मूळ लेखकाने म्हटले नाही ते तुम्ही म्हणता. करणाऱ्यासाठी ‘पाणाड्या’ आहेच. पाण्याऐवजी धातू किंवा हरवलेली वस्तू शोधणारा असेल तर ‘पाणाड्या’ बसत नाही. तिथे ‘काठीने शोध घेणारा’ असे साधे वर्णन करावे. ‘डिव्हायनर’ आणि अमेरिकी इंग्रजीतला ‘वॉटर विच’ हेही याच माणसाचे शब्द आहेत. दुसऱ्याचा चेटकिणीशी संबंध जोडू नये, तो पुरुषालाही लावतात.

साधनांची वर्णने नीट समजून घेतली की अनुवाद सोपा जातो. ‘वाय-रॉड’ ही वाय आकाराची फांदी. तिचे दोन फाटे तळहात वर करून मुठीत धरतात आणि शेंडा पुढे रोखतात. फाटे बाहेरच्या बाजूला ताणलेले असल्यामुळे फांदी ताणाखाली असते. मनगट किंचित वळले तरी शेंडा झपकन खाली किंवा वर जातो. त्यासाठी इंग्रजीत ‘डिप’ येतो, मराठीत ‘झुकतो’ पुरे. इथल्या ‘डिप’चा बुडवण्याशी संबंध नाही. ‘एल-रॉड्स’ म्हणजे काटकोनात वाकवलेल्या दोन तारा. आखूड बाजू मुठीत सैल, लांब बाजू पुढे, दोन्ही समांतर. त्या ‘क्रॉस’ झाल्या म्हणजे एकमेकींवर फुली होऊन आल्या. मूठ अंशभर कलली तरी लांब बाजू स्वतःच्या वजनाने फिरते, म्हणून अशा पुस्तिकांत ‘कीप द रॉड्स लेव्हल’ ही सूचना वारंवार येते. तिचे भाषांतर ‘सळया एका पातळीत ठेवा’ असे करतात, तेव्हा वाचक दोन्ही सळया एकाच उंचीवर धरतो आणि कलत्या ठेवतो. ‘सळया जमिनीला समांतर ठेवा’ असे लिहावे.

जलभूशास्त्रीय अहवाल इंग्रजीत लिहिताना ‘डाउझ’ वापरता येईल का? नाहीतरी पाणीच शोधत असतो.

नाही. हा शब्द उद्दिष्टाचे नाव नाही, विशिष्ट रीतीचे नाव आहे. अहवालात तो आला की उपकरणांनी सर्वेक्षण केले नाही, काठीने पाहिले, असाच अर्थ निघतो. त्या रीतीची चाचणी झाली आहे. 1987-88 मध्ये म्युनिकजवळ एका धान्यकोठारात तळमजल्यावर पाण्याची नळी सरकवून वरच्या मजल्यावर पाणाड्यांना तिची जागा सांगायला लावले. सुमारे 500 जणांतून निवडलेल्या 43 जणांच्या 843 चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी मोजक्या काही जणांत कौशल्य असल्याचा दावा केला. त्याच आकड्यांचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी पुन्हा विश्लेषण केले तेव्हा ते योगायोगाच्या पलीकडे जात नसल्याचे दिसले. 1990 मध्ये जर्मनीतल्याच कासेल इथे 30 जणांना जमिनीखाली 50 सेंटिमीटरवर पुरलेल्या नळीत पाणी वाहते आहे की बंद आहे एवढेच सांगायचे होते. निकाल नाणेफेकीइतकाच आला. काठी हलते ती नकळत होणाऱ्या स्नायूंच्या हालचालीने. या परिणामाला इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्येच ‘आयडिओमोटर’ असे नाव दिले होते. तरीही पाणाड्याने सांगितलेल्या जागी पाणी लागते, कारण पुष्कळ प्रदेशांत बऱ्यापैकी खोल गेल्यावर कुठेही थोडेफार पाणी लागतेच.

अहवालात जागा निवडण्यासाठी ‘साइट’ हे क्रियापद वापरा: ‘द बोअरहोल वॉज साइटेड…’. शोधकार्यासाठी ‘प्रॉस्पेक्ट फॉर ग्राउंडवॉटर’, मोजणीसाठी ‘सर्व्हे’. पाणी लागणे म्हणजे ‘स्ट्राइक वॉटर’. उलट दिशेने अनुवाद करत असाल तर ‘सिंक अ वेल’ म्हणजे विहीर खोदणे, बुडवणे नव्हे.

पद्धतीचा परिच्छेद नेमका हवा. विद्युत रोधकता मोजण्याच्या वेन्नर मांडणीत पोलादाच्या चार खुंट्या एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोघींतून प्रवाह सोडतात, आतल्या दोघींमधले विभवांतर (व्होल्टेज) मोजतात. विभवांतराला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, आणि त्याला 2π (दोन पाय) गुणिले अंतर याने गुणले की रोधकता. 50 मिलिअँपिअर प्रवाहाला 40 मिलिव्होल्ट मिळाले तर रोध 0.8 ओहम, खुंट्यांतले अंतर 10 मीटर असेल तर रोधकता सुमारे 50 ओहम-मीटर. अंतर वाढवत गेले की मोजणी अधिक खोलीचा भाग कवेत घेते. एककात ‘ओहम’ आणि ‘ओहम-मीटर’ यांची गल्लत होते, ती जरूर तपासा; पहिले रोधाचे, दुसरे रोधकतेचे.

इथेही भाषेला लगाम हवा. पाणी भरलेला भेगाळ खडक कोरड्या, अभंग खडकापेक्षा कमी रोधकता दाखवतो हे खरे, पण चिकणमाती आणि खारे पाणीही कमीच दाखवतात. जवळ लोखंडी नळ किंवा तारेचे कुंपण असेल तर आकडे बिघडतात; माती कोरडी असेल तर खुंटी नीट संपर्क धरत नाही, तिच्याभोवती मिठाचे पाणी ओतावे लागते. म्हणून ‘पाणी आढळले’ असे लिहू नये. ‘या खोलीवर कमी रोधकतेचा थर आहे, जवळच्या विहिरींच्या नोंदी पाहता तो जलधारक असण्याची शक्यता आहे’ असे लिहावे. पाणी आढळते ते छिद्र पाडल्यावर.

हे शब्द आले कुठून? एकच मूळ आहे का?

तसे काही सिद्ध नाही. डब्ल्यूच्या शब्दाचे मूळ अनिश्चित आहे. तो नैर्ऋत्य इंग्लंडच्या बोलीतून आला असे मानतात. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी 1691 मध्ये खनिजे शोधणाऱ्या काठीसाठी ‘ड्यूसिंग-रॉड’ असे रूप वापरले आहे, म्हणजे तेव्हा स्पेलिंग ठरलेले नव्हते. पद्धत त्याहून जुनी: 1556 मधल्या आपल्या खाणविषयक लॅटिन ग्रंथात जर्मन विद्वान आग्रिकोला यांनी काठी घेऊन धातू शोधणाऱ्यांचे वर्णन केले आहे आणि अविश्वासही नोंदवला आहे. यूचा शब्द सोळाव्या शतकातला, आणि त्याचा सुरुवातीचा अर्थ प्रहार करणे असा होता. शीड झटकन खाली पाडणे, दिवा मालवणे हे अर्थ पुढचे. ही माहिती स्पेलिंग ठरवायला उपयोगी नाही.

‘डाउस द सेल’ आणि ‘डाउसर’ हे शब्द तांत्रिक मजकुरात आले. इथे पाणी कुठे आहे?

कुठेच नाही. नौकानयनात ‘डाउस’ म्हणजे शीड तातडीने उतरवणे. वारा अचानक वाढला, किंवा पुढचे फुगीर शीड आवरायचे असले की हा शब्द येतो. ‘शीड भिजवा’ असे भाषांतर झाले तर खलाशी बुचकळ्यात पडेल. शीड गुंडाळण्यासाठी ‘फर्ल’ आणि लहान करण्यासाठी ‘रीफ’ हे वेगळे शब्द आहेत, तेव्हा ‘उतरवा’ एवढेच लिहावे. ‘डाउस द लाइट्स’ म्हणजे दिवे मालवा, विजेचे असले तरी. आशा किंवा उत्साह कर्म असेल तर मराठीत ‘उत्साहावर पाणी ओतले’, ‘आशेवर पाणी फिरवले’ हे आयते तयार आहे, शोधत बसायला नको.

चित्रपटाच्या प्रक्षेपकात आणि रंगमंचावरच्या फॉलो-स्पॉटमध्ये, म्हणजे नटाच्या मागोमाग फिरवायच्या झोताच्या दिव्यात, ‘डाउसर’ असतो तो प्रकाशाचा मार्ग अडवणारा धातूचा पडदा. दिवा चालूच राहतो, झोत तेवढा बंद होतो. म्हणून ‘क्लोज द डाउसर’चे ‘दिवा बंद करा’ हे भाषांतर चुकीचे. काही प्रकारचे तापलेले आर्क दिवे बंद केले तर लगेच पुन्हा पेटत नाहीत आणि खेळ खोळंबतो. ‘झडप बंद करा’ लिहा. आणि मूळ पुस्तिकेत हा शब्द डब्ल्यूने छापलेला दिसला तर निर्मात्याने यंत्रावर जे स्पेलिंग दिले असेल तेच ठेवा. तिथे सुटा भाग मागवायचा असतो, आपली वाटणी चालवायची नसते.